बोटाएवढं पेन

बायकोचं ऑपरेशन चालू होतं आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाईंनी पर्समधून बोटाएवढं शाईचं पेन काढलं. टोपण मागे बसवल्यावर ते नेहमीच्या पेनाएवढं झालं. मग बाई एका कागदावर खिडकीतल्या कुंडीचं चित्र काढू लागल्या.

"तुम्ही चित्रकार आहात का?" मी विचारलं.

"नाही हो. दुधाचा हिशेब, किराणा, सगळं याच पेनाने लिहिते. आमच्या यांनाही आत नेलंय. हात चालू राहिला की जीव थाऱ्यावर राहतो." त्यांनी पेन आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "घ्या, तुम्हीही काढा काहीतरी."

शाळा सुटल्यापासून मी चित्र काढलं नव्हतं. बायकोचा चेहरा काढायला गेलो आणि नाक चुकलं. शाई खोडता येत नाही, म्हणून चुकलेली रेघ सांभाळूनच पुढे गेलो. वाटलं, आमचा संसारही असाच तर झाला, काही न खोडता. आणि छान झाला.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "शुद्धीवर आल्यात. चहा मागतायत."

मी उठून पेन परत करू लागलो. बाई म्हणाल्या, "आधी चित्रातले केस पूर्ण करा त्यांचे. आता बघतील ना त्या."