गोंदणातला निळा ठिपका

"मॅडम, फ्री छो?" हेतलने फोनवर विचारलं. हेतल आमच्या सुरतच्या लॅबमध्ये जीनच्या तपासण्या बघते. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीत सुई घालून, काचेवर पेशी पसरून, त्या कॅन्सरच्या आहेत की नाहीत ते सांगणारी. तीस वर्षं हेच करतेय.

"बोल."

"ती लिंबायतची वैशाली. थायरॉइडवाली. तिला लहानपणी रेडिएशन दिलं होतं का?"

"नाही. फॉर्मवर लिहिलंय ना मी."

"एकदा परत विचाराल का?" हेतल उगाच फोन करणारी मुलगी नाही. मी हातातली स्लाइड बाजूला ठेवली.

वैशाली तिशीची. घरी साड्यांना स्टोन लावायचं काम करते. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. चार वर्षांची एक मुलगी आहे. गळ्याला गाठ आली म्हणून आमच्या सर्जनने तिला सुईच्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलं होतं. स्लाइड संशयास्पद निघाली. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर भीती. अशा वेळी त्याच पेशींची जीन-टेस्ट करतो. तोपर्यंत सर्जनने गाठ असलेली अर्धी थायरॉइड काढायचं ठरवून शुक्रवारची तारीखही दिली होती.

आता हेतलला काय दिसलं ते सोपं करून सांगते. मोठ्या माणसाच्या थायरॉइड कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा एका जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. वैशालीच्या गाठीत तसं नव्हतं. तिथे दोन वेगवेगळे जीन तुटून, भलत्याच जागी एकमेकांना जोडले गेले होते. दोन साड्या फाटाव्यात आणि घाईत एकीचा पदर दुसरीला शिवला जावा, तसं. रेडिएशन जीनचे धागे तोडतं, म्हणून लहानपणी गळ्यावर रेडिएशन घेतलेल्यांत हा चुकीचा जोड जास्त दिसतो. पण जोड दिसला म्हणजे रेडिएशन झालंच, असं कोर्टात शपथेवर सांगता येणार नाही. रेडिएशनशिवायही तो होतो. हा नुसता माग असतो, पुढे विचारपूस आपणच करायची.

मी फॉर्म काढला. 'पूर्वी रेडिएशन?' यापुढे माझ्याच अक्षरात 'नाही'. आणि मला एकदम तिचा गळा आठवला. गळ्याच्या खळगीत गोंदणाचं फूल होतं. सुई घालताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी म्हटलं होतं, "काय सुंदर गोंदण गं! आमच्या धुळ्याकडचं दिसतंय." ती हसली होती. पाकळ्या हिरवट होत्या. मधला ठिपका मात्र निळा-काळा होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. रेडिएशन देताना मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून कातडीवर शाईचे बारीक ठिपके टोचतात. ते जन्मभर जात नाहीत. हे मला कॉलेजपासून माहीत आहे. आणि मी बसले होते फुलाचं कौतुक करत! माझी अक्कल त्या दिवशी शेण खायला गेली होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीला बोलावलं. बरोबर सासू होती, आणि ऑपरेशनसाठी शिरपूरकडून आलेली आई, सुमनबाई. मी सगळ्यांसमोर साधंच विचारलं, "लहानपणी हिला काही मोठं दुखणं झालं होतं का?"

"नही डॉक्टरीनबाई, मनी पोरले कधी काही व्हयेल नही," सुमनबाई म्हणाल्या. विचारायच्या आतच उत्तर तयार होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसता का? मला गळा तपासायचाय." त्या गेल्या. दार लावलं आणि भिंग घेऊन फूल बघितलं. मधला ठिपका जुना होता, जरा पसरलेला. पाकळ्या नंतरच्या हाताच्या.

"असे आणखी ठिपके आहेत का गं अंगावर?"

"तीळ आहेत, मॅडम. दोन्ही बगलांपाशी. जन्मापासूनचे." तिने दाखवले. मी टेप लावली. मधल्या ठिपक्यापासून डावीकडे जितकं अंतर, तितकंच उजवीकडे.

"सुमनबाई, जन्माचे तीळ पट्टी लावून येत नाहीत."

त्या पदर तोंडात कोंबून अशा रडायला लागल्या की मीच घाबरले.

वैशाली सहा वर्षांची असताना तिच्या मानेत गाठी आल्या होत्या. हॉजकिन नावाचा कॅन्सर. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात औषधं झाली, मग मानेला आणि छातीला शेक दिले. रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात. पोरगी खडखडीत बरी झाली. त्या डॉक्टरांनी काही चूक केली नाही, तिचा जीव वाचवला. गावात मात्र सांगितलं की कावीळ झाली, मुंबईला मामाकडे ठेवली होती. आणि पुढे जत्रेत गोंदणारी आली, तेव्हा सुमनबाईंनी त्या ठिपक्याभोवती फूल काढून घेतलं. फुलातला ठिपका कोण विचारतो?

"सांगं असतं ते लोके म्हनतात, यासना रक्तमाच रोग शे. कोन करतं मग मनी पोरले?" सुमनबाई म्हणाल्या. रक्तातच रोग आहे म्हणतील, मग माझ्या पोरीशी लग्न कोण करेल, एवढीच त्यांची धास्ती.

वैशाली पांढरीफटक पडली होती.

"एक मोठी खोली होती," ती म्हणाली. "थंड. मला एकटीला झोपवायचे. आणि बाहेरून तू दार वाजवायचीस, आई. मी इथे आहे म्हणून. मला आजवर वाटायचं, ते स्वप्न आहे."

तीस वर्षांत मी हजारो जणांना कॅन्सर आहे असं सांगितलं असेल. चोवीस वर्षांपूर्वी होऊन गेलेला कॅन्सर मी कुणाला पहिल्यांदा सांगितला नव्हता.

"सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तू ठरव," मी वैशालीला म्हटलं. "माझ्या तोंडून जाणार नाही. पण सर्जनला आजच कळलं पाहिजे. शेक लागलेल्या गळ्यात अर्धी थायरॉइड ठेवून बहुतेक चालणार नाही."

सुमनबाईंनी हात जोडले. "नको व बेटा. तुनं घर मोडी जाई."

वैशाली उठली. तिने स्वतः दार उघडलं आणि सासूला म्हणाली, "मम्मी, आत या." मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. माझ्याकडे वळून त्यांनी एकच विचारलं, "माझ्या नातीला होईल का?"

"नाही. हा बिघाड हिला जन्मतः मिळालेला नाही. जन्मानंतर, गळ्यातल्या त्या गाठीच्या पेशींत झालाय. तो मुलीकडे जात नाही. रक्तातून पुढे जातो तो बिघाड वेगळा असतो, आणि हा तो नव्हे."

सुमनबाईंनी मान वर केली. "रक्तमा नही शे?"

"नाही. आणि लहानपणचा तो रोगही रक्तातून उतरणारा नव्हता."

"मंग मी इतला वरीस..." ज्या भीतीपायी इतकी वर्षं तोंड शिवून घेतलं, ती भीतीच खोटी होती.

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, लग्नाआधी सांगितलं असतं ना, तर मी नाहीच म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?" मग पदराने तोंड पुसलं. "पण परवा अर्धंच ऑपरेशन होऊन गेलं असतं, तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं." वैशाली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आईशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही.

मी तिथूनच सर्जनला फोन लावला.

"साहेब, वैशालीला लहानपणी गळ्यावर रेडिएशन दिलंय."

"शुं वात करो छो! फॉर्मवर तर नाही लिहिलंय."

"माझीच चूक. आता अर्धी काढून चालेल?"

"नाही. उरलेल्या अर्ध्यानेही तेवढंच रेडिएशन खाल्लंय. पूर्ण काढू. पण जुने कागद मिळाले तर बरं होईल. डोस किती होता, कुठवर दिला होता?"

जुने कागद! चोवीस वर्षांनी कोणाकडे असणार? मी फोनवर हात ठेवून सुमनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेटीमा शे." लोखंडी पेटीत, गोधड्यांखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फाइल ठेवली होती. फेकायला हातच उठला नाही म्हणे. पोरीला पुढे काही झालं, तर डॉक्टरला काय दाखवायचं? आणि खरंच काही झालं, तेव्हा ही बाई फाइल घरी ठेवून, माझ्यासमोर बसून, काही झालंच नाही म्हणाली. रागवावं की पाया पडावं, मला कळेना. त्यांनी गावी फोन केला आणि फाइल दुसऱ्या दिवशी एसटीने आली.

शुक्रवारी पूर्ण थायरॉइड काढली. ती माझ्याच टेबलावर तपासायला आली. गाठ असलेल्या बाजूला कॅन्सर होताच. मग आम्ही जी बाजू आत ठेवणार होतो, ती कापली. बाहेरून ठणठणीत होती. आत तांदळाच्या दाण्याएवढी आणखी एक गाठ होती. तोच कॅन्सर. मी सुरी खाली ठेवली.

वैशाली बरी आहे. थायरॉइडची गोळी जन्मभर घ्यायची. शेक छातीलाही लागले होते, म्हणून दरवर्षी स्तनांचीही तपासणी करायची. ती खरं तर काही वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती. आईशी ती महिनाभराने बोलली. जुनी फाइल आता तिच्याच कपाटात आहे.

फॉर्मवर रेडिएशनचा प्रश्न अजून आहे. त्याच्याआधी मी आणखी एक विचारते, "लहानपणी कधी खूप दिवस शाळा बुडाली होती का?" याचं उत्तर लोक सहसा खरं देतात. आणि गोंदण दिसलं, तर कौतुक करायच्या आधी भिंग उचलते.