पोट न बघता

जाळीवाले काका गल्लीत शिरले की कुत्री आधी पसार व्हायची आणि मग लांबून शिव्या घातल्यासारखी भुंकायची. चौदा वर्षं हेच. भटकी कुत्री जाळीत धरायची, नसबंदीसाठी दवाखान्यात न्यायची, टाके सुकले की जिथून उचलली तिथंच आणून सोडायची. "कुत्र्यांना माणसाची पारख असते म्हणतात," बायको चिडवायची, "तुमच्याकडे बघून खात्रीच पटते." काका हसायचे. लोक विष घालतात, त्यापेक्षा माझी जाळी बरी, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नियम एकच होता. आधी पोट बघायचं, मग गाडीत घालायचं. ओल्या बाळंतिणीला हात लावायचा नाही. पण शनिवारी संध्याकाळी गोदामामागच्या गल्लीत लोक अंगावर धावून आले, "न्या एकदाची ही ब्याद!" म्हणून ओरडायला लागले, आणि काकांनी ती तांबडी कुत्री तशीच पिंजऱ्यात ढकलली. रविवारी डॉक्टरीणबाईंची सुट्टी. सोमवारी सकाळी त्यांनी तिला टेबलावर घेतलं आणि त्यांचा हात थांबला.

"काका, हिला दूध आहे. पिल्लं कुठायत?"

काकांनी तिला तशीच परत गाडीत घातलं. दीड दिवस झाला होता.

गोदामाशी गाडी लावून त्यांनी पिंजरा उघडला. पिल्लं कुठं आहेत हे फक्त तिलाच ठाऊक. ती उतरली, चार पावलं गेली, वळून काकांकडे बघितलं आणि खाली बसली. काका मागे सरले, तरी हलेना. मग उठली ती भलतीकडेच चालायला लागली, त्यांना चकवायला.

"अगं बये, जा की! पाया पडतो तुझ्या." काका रडकुंडीला आले.

शेवटी ते भिंतीआड लपले. तेव्हा कुठं ती गोदामाच्या पायऱ्यांखाली शिरली. एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, उन्हात ठेवून चाटत बसली. ते हललं नाही. दुसरं आणलं, तेही तसंच. तिसरं मात्र बारीक कुंईकुंई करायला लागलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "जगलं गं!"

तिनं मान वर केली. काका दिसताच पिल्लू उचलून ती पुन्हा पायऱ्यांखाली गेली आणि फटीच्या तोंडाशी दात विचकून उभी राहिली. आडवी होईना, पाजेना. काका तिथं असेपर्यंत ती पाजणारच नव्हती.

ते गाडीकडे निघाले. आतली कुंईकुंई अजून येतेय का, हे ऐकायला थांबायचीही त्यांना चोरी होती.