लाल फळीवरची कादंबरी

"हा ठिपका कोणी लावला?" अध्यक्षांनी विचारले.

कादंबरी त्यांच्या हातात होती. पुस्तकाच्या पाठीवर, नावाखाली, तेलरंगाचा लाल ठिपका होता.

"नियमाप्रमाणे मी लावला," मी म्हणालो.

"नियम कोणाचा?"

"वाचकांचा. मंडळाच्या बैठकीत मंजूर झालेला. त्या बैठकीला अध्यक्ष आपणच होतात."

त्यांना ते आठवत नव्हते. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटले. ज्या लेखकाची ती कादंबरी होती तो पुढच्या रविवारी आमच्या मंडळात सत्कारासाठी येणार होता. त्याला अध्यक्षांनी स्वतः बोलावले होते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांतली ही हकीकत आहे. सेक्टर दोनमध्ये एका मराठी मंडळाचे वाचनालय होते. मी तिथला पगारी ग्रंथपाल. शेजारच्या खोल्यांत मंडळाचीच प्राथमिक शाळा भरे. अध्यक्ष कारखान्यात वरच्या हुद्द्यावरचे इंजिनियर होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. मंडळात शब्द त्यांचाच चाले.

आमचे बहुतेक वाचक भंडारा-गोंदियाकडचे. घरी शेती, इथे शिफ्ट ड्यूटी. हेल्मेट काखेत धरून ते सरळ वाचनालयात येत. पुस्तकावर हात लावण्याआधी हात धुण्याची सवय मी त्यांना लावली होती. पुस्तकाबद्दल तोंडावर बोलण्याची सवय त्यांची स्वतःची होती.

लाल फळी ही त्यांचीच कल्पना. कारखान्यात आलेला माल तपासला जातो. जो सुटा भाग तपासणीत उतरत नाही, त्यावर लाल रंग मारून तो बाजूला ठेवतात, म्हणजे चुकून कोणी बसवत नाही. किसन भोयर नावाचा रिगर होता. जड यंत्रे साखळ्यांनी बांधून उचलून जागेवर ठेवणारा, तो रिगर. एका रविवारी एक कादंबरी परत करताना तो मला म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे असा माल आला असता तं लाल रंग मारून बाजूले ठेवला असता. तुमी कावून नाही मारत?"

मी विचार केला. ग्रंथालयात पुस्तके 'बाद' करावी लागतात. फाटलेली, जुनी झालेली पुस्तके काढून नव्यांना जागा करणे, याला बाद करणे म्हणतात. शास्त्र असे सांगते की जे पुस्तक बरेच दिवस कोणी नेले नाही ते बाद करावे. ही कसोटी मला कधीच पटली नाही. न वाचले जाणे हा पुस्तकाचा दोष नव्हे. वाचल्यानंतर काय झाले, हे पाहिले पाहिजे.

म्हणून नियम ठरले. ज्याची निराशा झाली त्याने रविवारच्या बैठकीत उभे राहून कारण सांगायचे. 'आवडले नाही' हे कारण धरले जात नसे. दुसरी वाट विसरलेल्या पुस्तकांची होती. एखादी कादंबरी अनेकांनी वाचलेली असूनही सगळ्यांना मिळून तिची गोष्ट जुळवता आली नाही, तर तीही लाल फळीवर. ठिपका काढण्याची सोय होती. ज्याने पुस्तक वाचले आहे अशा एकाने उभे राहून, पुस्तक हातात न घेता, गोष्ट सांगायची. सांगता आली की मी ब्लेडने ठिपका खरवडून काढीत असे. फळी किसननेच ठोकून दिली. रंगाचा डबाही त्याचाच होता.

लाल फळीवरची पुस्तके घरी नेण्यास बंदी नव्हती. एक क्रेन ऑपरेटर तर तीच नेत असे. रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागायला बरी पडतात, असे त्याचे म्हणणे होते.

त्या काळच्या पुष्कळ कादंबऱ्यांविषयी माझे मत कठोर होते. आजही आहे. नायक काय काम करतो हे शेवटपर्यंत कळत नसे. तो सचिंत असे, खिडकीशी उभा असे, पण त्याला पगार कोण देतो हे लेखक सांगत नसे. नायिका पहिल्या प्रकरणात खोकली की शेवटच्या प्रकरणात मरणार, हे ठरलेले. पुढे काय लिहावे हे सुचले नाही की लेखक चांदणे पाडीत असे. दिवसभर भट्टीच्या बांधकामावर उभे राहिलेल्या माणसाने रॉकेल जाळून हे का वाचावे, याचे उत्तर मला एकाही लेखकाने दिलेले नाही.

साहेबांच्या लेखकाची कादंबरी फळीवर आणली विमलबाईंनी. त्या मंडळाच्या शाळेत शिक्षिका होत्या. माहेर रायपूरचे, तीन पिढ्यांपासून तिथे स्थायिक झालेले. नेमणूक तात्पुरती होती. नवरा ठेकेदाराकडे फिटर होता. कामावर पाय मोडल्यापासून घरीच होता. दोन मुले. जवळच्या रुआबांध्याला भाड्याची एक खोली. घर त्यांच्या पगारावर चालत होते आणि कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.

बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, "यातली नायिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाट बघते. घरात म्हातारा सासरा आहे, दीर आहे. पण अख्ख्या पुस्तकात चूल एकदाही पेटत नाही. हे लोक जेवतात काय? आणि वाट बघणारी बाई कधी कोणावर चिडत नाही? मी तर रोज चिडते."

पुरुषही हसले. किसन म्हणाला, "बाई, म्या बी वाचलो ते. पन आता काईच याद नाही. वाट पाहून राहिली होती, एवढंच याद आहे." आणखी काही जणांनी मान हलवली. पुस्तक दोन्ही वाटांनी फळीवर गेले. मी ठिपका लावला.

आता साहेबांनी मला दोन आज्ञा दिल्या. ठिपका खरवडायचा, आणि विमलबाईंनी सत्काराच्या सभेत उभे राहून कादंबरीची स्तुती करायची. "त्यांचा कागद माझ्याकडे आहे, हे त्यांना माहीत आहे," असेही ते म्हणाले. आवाज चढवून नव्हे. सहज, पावसाची शक्यता सांगावी तसे.

मला राग आला तो तेव्हा. एका बाईचे वाचून झालेले मत तिच्या मुलांच्या भाकरीला बांधण्यात येत होते, तेही वाचनालयात, माझ्या टेबलासमोर. मी म्हणालो, "बाईंचे काय ते त्यांनाच विचारा. ठिपका मी खरवडणार नाही. नियमात वाट आहे. ज्याने कादंबरी वाचली आहे त्याने गोष्ट सांगावी."

"मीच सांगतो. मी ही दोनदा वाचली आहे."

"सभेत?"

"सभेत. लेखकासमोर. मग तुमचे ब्लेड घेऊन तयार राहा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर विमलबाई आल्या. साहेबांनी त्यांना बोलावून घेतले होते.

"दोन चांगले शब्द बोला म्हणाले, भाऊ. मग सही करतो म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, दोन म्हणजे दोनच ना?"

त्या हसल्या. मी हसलो नाही. मग त्यांनी ती कादंबरी मागितली. "पुन्हा एकदा बघते. घाईत वाचली असेल. चुकून कुठे चांगलं राहून गेलं असेल तर तेच बोलेन. खोटं तर नाही होणार."

त्यांनी ती पुन्हा वाचली. दिवसभर शाळा, घरी अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि ही बाई ते पुस्तक न्यायबुद्धीने दुसऱ्यांदा वाचत होती. शनिवारी पुस्तक माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "नाही सापडलं."

काय करावे, हे त्यांनी मला विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पगार त्यांचा जाणार होता. सल्ला देण्याचा अधिकार माझा नव्हता.

रविवारी शाळेच्या खोल्यांमधली फळ्यांची भिंत काढून सभागृह केले होते. लेखकमहाशय आले. शाल, श्रीफळ, हार झाले. प्रवासाने दमलेला, मध्यम वयाचा, नीटनेटका माणूस. सभा बरीच भरली होती. दुसऱ्या पाळीचे लोक ड्यूटीला जाण्याआधी मुद्दाम थांबले होते. साहेब गोष्ट सांगणार, ही बातमी कारखान्याच्या गेटपर्यंत गेली होती.

साहेब उभे राहिले. चांगले बोलत. म्हणाले की काही अर्धवट वाचकांनी एका थोर कृतीवर डाग लावला आहे, तो आज ते पुसणार आहेत. मग गोष्ट सुरू झाली. डोंगराळ गावातला एक डॉक्टर. विधुर. ज्या सावकाराने त्याला गावातून हाकलायचा घाट घातला, त्याचाच मुलगा पुरात सापडतो. डॉक्टर नदी ओलांडून जातो. साहेबांनी पुराचे वर्णन हात हलवून केले.

पहिल्या काही वाक्यांतच माझ्या ध्यानात आले. त्या कादंबरीत डॉक्टर नव्हता. नदी नव्हती. ही गोष्ट दुसऱ्या कादंबरीची होती, दुसऱ्या लेखकाची. दोन्ही पुस्तके एकाच वेळी साहेबांच्या बंगल्यावर गेली होती. वाचत त्यांच्या पत्नी, आणि जेवताना त्यांना गोष्ट सांगत. हे मला नंतर कळले.

सभेत हळूहळू सगळ्यांना समजत गेले. बाके करकरू लागली. माझ्यामागे किसन शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "साहेब दुसऱ्याच गाडीत बसून राहिले. आता डोंगरगडलेच उतरतीन."

मी लेखकाकडे पाहत होतो. तो थांबवील, असे मला वाटले. निदान दचकेल. त्याने डोळे मिटले होते आणि तो मान डोलावत होता. डॉक्टर नदी ओलांडून गेला तेव्हा त्याने "वा" म्हटले. गोष्ट संपल्यावर पहिली टाळी त्याने वाजवली.

ही टाळी मी विसरलेलो नाही. वाचक पुस्तक विसरला तर तो पुस्तकाचा निकाल असतो. साहेबांचे समजू शकतो. न वाचता वाचले म्हणणारे मोठे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पण ज्याने ते लिहिले, छापले, त्यासाठी शाल पांघरून घेतली, त्याला आपल्या पुस्तकात नदी होती की नव्हती हे सांगता येऊ नये? तर मग त्याने आम्हाला काय विकले होते?

साहेबांनी माझ्याकडे ब्लेडसाठी पाहिले. मी जागेवरून उठलो नाही. मग त्यांनी विमलबाईंचे नाव पुकारले.

त्या उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, जणू वर्गावर आहेत. साहेबांना नमस्कार केला, पाहुण्यांना केला.

"मला दोन चांगले शब्द बोलायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी आत्ता सांगितली ती गोष्ट खरंच फार चांगली आहे. ती मी वाचली आहे. ती या पाहुण्यांची नाही."

आणि बसल्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी हसलेही नाही. त्यांना काय किंमत पडणार आहे हे सभेतल्या प्रत्येक माणसाला माहीत होते. साहेबांनी आभार उरकले.

पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. चालताना मी त्यांना सगळे सांगितले. बाईंची नोकरी, पाय मोडलेला नवरा, साहेबांच्या टेबलावरचा कागद. म्हणालो, "आपण साहेबांना एक वाक्य बोललात तर पुरे. 'बाई बरोबर बोलल्या' एवढेच."

ते थांबले. "अहो, मी वर्षाला दोन-तीन लिहितो," ते म्हणाले. "कोणती कोणती लक्षात ठेवायची? आणि स्थानिक भानगडीत मी पडत नाही."

गाडी गेली. दुर्गच्या स्टेशनवर त्यांना मुंबईची गाडी मिळाली असावी.

परीक्षा संपल्यावर विमलबाईंची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. कारण दिले नाही. तात्पुरत्या नेमणुकीला कारण द्यावे लागत नाही. मी मंडळाकडे लेखी हरकत घेतली. तिचे उत्तर आले नाही. दुसरा आदेश मात्र लगेच आला. लाल फळी काढावी, सर्व ठिपके पुसावेत. तो आदेश वैध होता. मी ठिपके पुसले.

फळी किसनने काढली. मी म्हणालो, सामान मंडळाचे आहे. तो म्हणाला, "लाकूड माह्या घरचं आहे, भाऊ. खिळे ठेवा तुमी." फळी सायकलला बांधून तो रुआबांध्याला घेऊन गेला. विमलबाईंनी अंगणात शिकवणी सुरू केली होती. सेक्टर दोनची बरीच मुले तिकडे जाऊ लागली होती. मुलांना बसायला काही नव्हते. दोन्ही बाजूंना विटा लावून ती फळी बाक झाली. पुढे बाईंना दुर्गच्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि तिथे त्या कायम झाल्या. आमच्या शाळेला तशी शिक्षिका पुन्हा मिळाली नाही. साहेब बदलून गेले. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्या वाचनाच्या व्यासंगाचा उल्लेख झाला.

मी आता भिलाईतच, स्मृती नगरला मुलाकडे असतो. ग्रंथपालनावरची पुष्कळ पुस्तके मी नोकरीत असताना वाचली. पुस्तक चांगले आहे असे म्हणण्याआधी ते वाचलेले असावे, हा नियम त्यांपैकी एकाही पुस्तकात मला आढळला नाही. तो लिहावा लागेल असे कोणाला वाटले नसावे.

त्या कादंबरीचे नाव मला आज सांगता येत नाही. वय झाले म्हणून नव्हे. ठिपका पुसल्यानंतर फडताळातल्या बाकीच्या कादंबऱ्यांतून ती वेगळी ओळखणे मला तेव्हाही जमत नसे.