चाळीस घोट आणि एक शनिवार

किलकेनीहून निघताना मुग्धाने, माझ्या लेकीने, दारातच बजावलं, "आई, शनिवारी मी ऑफ घेतलाय, मोठ्या मुश्किलीने. शनिवारी सकाळी तू इथे हवीस हं. रविवारी तुझी फ्लाइट आहे." किलकेनी हे डब्लिनपासून दीड तासावरचं गाव, ती तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिच्याकडे येऊन मला तीन आठवडे होत आले होते आणि त्यातला बराच वेळ मी रिकाम्या घरात, फ्रीजवर चिकटवलेला तिच्या ड्यूटीचा तक्ता वाचण्यात घालवला होता. म्हणून तर हे काम घेतलं.

काम दुभाषाचं. मी पुण्यात तीस वर्षं जपानी शिकवते. मुग्धाच्या मैत्रिणीचा नवरा डब्लिनला शूटिंगची व्यवस्था बघतो. त्यांची दुभाषी ऐन वेळी आजारी पडली आणि मी आयती सापडले. डब्यात तयार मिळणाऱ्या दुधाच्या चहाची पंधरा सेकंदांची जपानी जाहिरात, बुधवार ते शुक्रवार, देशाच्या पार पश्चिम टोकाला, कॉनेमारात. तिच्यात जपानचा अतिशय लाडका 'आयडॉल' (आधी गाणारा-नाचणारा आणि मग नट झालेला तारा). नाव लिहायला करारात मनाई आहे, म्हणून मी नुसतं हीरो म्हणते. त्याच्या टूथपेस्टच्या जाहिरातीवर मी वर्गात 'ऐका आणि लिहा' घेत आले आहे. माझ्या निम्म्या विद्यार्थिनी त्याच्यापायीच जपानी शिकायला येतात.

गाडीने पाच तास. शेतं, मेंढ्या, पाऊस, पुन्हा मेंढ्या. पुढे शेतं संपून दगड सुरू झाले आणि दगडांमध्ये तळी. हिरवा रंग सुंदर असतो, पण सलग इतका बघितला की डोळे शिणतात. ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने "ऑल ग्रँड?" (सगळं ठीक ना?) विचारायचा. मी ग्रँड म्हणायचे आणि पुन्हा पेंगायचे.

शूटिंग एका पांढऱ्या, बुटक्या घरात होतं. घर नोराबाईंचं. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, नजर करडी. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवे, वायरी आणि बारा माणसं कोंबलेली, आणि कोपऱ्यात लोकरीचं टोपडं घातलेली चहाची किटली. मला ती किटली बघून बरं वाटलं.

हीरो पडद्यावर दिसतो त्यापेक्षा लहान चणीचा निघाला. बाराव्या वर्षापासून तो जाहिरातींत हसतोय. आता चौतिशीचा आहे. त्याने पावसातून आत यायचं, कोट अडकवायचा, डबा उघडायचा, एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि खिडकीकडे बघून हसायचं. एवढंच. दिग्दर्शक म्हणायचा, "मो इक्काई" (आणखी एकदा). टेक संपला की हीरो तोंडातला घोट बादलीत थुंकायचा. दिवसभर ती साखर गिळली तर माणूस आजारीच पडेल. हीरो थुंकायचा, तोंड पुसायचा आणि पुन्हा पावसात जाऊन उभा राहायचा.

नोराबाईंनी बुधवारी दोनदा त्याला चहा विचारला. दोन्ही वेळा त्याची मॅनेजर सातो-सान मला म्हणाली, "नको म्हणून सांगा." दुसऱ्या कुठल्याही चहाबरोबर त्याचा फोटो निघाला तर करार मोडतो. कारण सांगायचीही सोय नव्हती. मी नुसतं "नको म्हणतोय" असं सांगितलं.

"चालायचंच," नोराबाई म्हणाल्या. "दोनदा नाही म्हणायचंच असतं. तिसऱ्यांदा घ्यायचा."

"आमच्याकडेही तसंच," मी म्हटलं.

गुरुवारी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. त्यांनी एकदा बादलीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. "थुंकायला चहा चालतो," त्या म्हणाल्या, "माझा मात्र प्यायला चालत नाही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या घरात उभं राहून असा अपमान मी जन्मात केला नव्हता, तोही दुसऱ्याच्या वतीने.

शुक्रवारी पाचपर्यंत एकोणचाळीस टेक झाले होते. दिग्दर्शक म्हणाला, "हसू ठीक आहे, पण डोळे दमलेले दिसतात. उद्या सकाळी पुन्हा घेऊ."

उद्या म्हणजे शनिवार. मी सातो-सानला सांगितलं, लेक वाट बघतेय, परवा माझं विमान आहे. तिने कमरेत वाकून माफी मागितली. करारात 'काम पूर्ण होईपर्यंत' असं लिहिलं होतं. जपानी माणूस इतकं वाकला की समजावं, आता काही बदलणार नाही.

मी नोराबाईंकडे गेले. सगळं खरं कारण सांगून टाकलं, करारासकट. त्यांनी कप भरला आणि मी तो घेऊन बाहेर गेले. हीरो मागच्या शेडमध्ये, टर्फच्या (वाळवून सरपणाला वापरतात त्या दलदलीच्या मातीच्या) ढिगाशी वाऱ्याच्या आडोशाला उभा होता.

"सेन्सेई (बाई), मला हे चालत नाही," तो म्हणाला.

"इथे फोन नाही, कॅमेरा नाही. मी कुणाला सांगणार नाही." (आता लिहितेय, पण मराठीतून. चालेल.)

त्याने कप दोन्ही हातांत धरला. आधी नुसताच धरला, मग एका दमात निम्मा संपवला. "पोटात गेला," तो हळूच म्हणाला. नोराबाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, किटली घेऊन आल्या आणि कप पुन्हा भरला.

मी हे दयेपोटी केलं असं लिहायला मला आवडलं असतं. मला शनिवार हवा होता.

आजच आणखी एकदा घेऊ, असं हीरोनेच दिग्दर्शकाला सांगितलं. चाळिसाव्या टेकला त्याने डबा तोंडाला लावला, डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला की दिग्दर्शक क्षणभर 'कट' म्हणायचंच विसरला.

शूटिंग तिथेच संपलं. शनिवारी पहाटे निघून दहाला किलकेनीत पोचले. मुग्धाने दार उघडलं तेव्हा गळ्यात अजून हॉस्पिटलचा बिल्ला होता. "रात्री एक जण आलाच नाही गं, मलाच थांबावं लागलं. आत्ताच आले. पाच मिनिटं पडते, मग आपण कॅसल बघायला जाऊ, प्रॉमिस." सोफ्यावर पडली ती एक बूट पायात तसाच ठेवून. मी बूट काढला आणि आलं घालून चहा केला. तो निवला. बाराला पुन्हा केला, तोही निवला. तीनच्या सुमाराला तिसऱ्यांदा केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हॉस्पिटलातून कुणी बोलावत असल्यासारखी ती झोपेतच दचकली. मी हात काढून घेतला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. मला रडू आलं. ती साडेपाचला उठली तेव्हा माझी बॅग भरायची वेळ झाली होती, आणि आम्ही बॅगेच्या वजनाबद्दल बोललो, मसाल्याच्या डब्यांबद्दल बोललो. रविवारी मी निघाले.

पुण्यात दोन महिन्यांनी सातो-सानने जाहिरात पाठवली. तोच सुस्कारा होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, हा चहा किती छान असेल! वर्गातल्या मुलींनी ती मला अकरा वेळा दाखवायला लावली. मी ती मुग्धाला पाठवली. दोन दिवसांनी, कुठल्यातरी ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत, तिचं उत्तर आलं:

"आई, हे बघून तुझा आल्याचा चहा आठवला. त्या शनिवारी केला होतास ना?"

"हो गं," मी लिहिलं, "केला होता."

तिने तो प्यायलाच नव्हता हे तिच्या लक्षात नव्हतं. मीही सांगितलं नाही.