मॅडमचं चंदन

मॅडमचा कुणावरच विश्वास नव्हता. प्रयोगशाळेत शिरताना स्पिरिटने पुसलेल्या आमच्या हातांचा त्या वास घेत आणि मग पुन्हा पुसायला लावत. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्यांना मागून सगळे ‘फौजदार’ म्हणत. मी त्यांची मदतनीस, त्यामुळे संशयातला मोठा वाटा माझा.

चंदनाच्या कोवळ्या फांद्या त्या नायगावकडून ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणत. झाड नेमकं कुठं आहे हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण भिंतीला कान असतात आणि चंदनचोरांना तर जास्तच. मी एकदा सहज विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

फांदीचे तुकडे बाटलीतल्या पोषक जेलीवर ठेवले की काही आठवड्यांनी त्यांच्यावर एक ओबडधोबड गोळा वाढतो. नशीब असेल तर त्यातून साबुदाण्यासारखे दाणे उठतात. फूल नाही, बी नाही, तरी त्यातला एखादा दाणा म्हणजे झाडाचा गर्भ. मी हरखले की मॅडम चिमटा पुढे करत. “भुलू नको, ओढून बघ. कोंब असला तर आईला धरून ऱ्हातो. गर्भ अलगद सुटतो, त्याचं मूळ त्याच्याजवळच असतंय.” बहुतेक वेळा सुटत नसे. त्यांना त्याचंच समाधान वाटतं की काय, अशी मला शंका यायची.

एका सोमवारी त्या रिकाम्या हातांनी आल्या. चोरांनी झाड मुळासकट नेलं होतं.

“तू कुणाला बोलली होतीस का?” त्यांनी सरळ विचारलं. मला ठिकाणच माहीत नाही, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मला रडू आलं आणि रागही आला.

आता त्या झाडाचं उरलंसुरलं होतं ते आमच्या बाटल्यांत. निम्म्या बाटल्यांत बुरशी शिरली, त्याचाही आळ माझ्यावर. मीही मग त्यांच्या हातांचा वास घेऊ लागले. आणि एका गोळ्यावरचे दाणे लांबट झाले, चिमटा लावताच सुटले. एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला दोन इवली पानं. मॅडम कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

रोपं अगदी मोजकी जगली. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे आटोपल्यावर त्यांनी ती स्वतः माझ्या स्कूटीवर ठेवली. शेजारी तूर पेर, चंदनाला सोबत लागते, म्हणाल्या. मी कुठं लावणार ते सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“मला सांगू नको,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही ठिकाण फक्त मलाच माहीत होतं गं. चोर माझ्याच मागं मागं आले असतील.”