पासीघाट ते येरमाळा

पासीघाटच्या छोट्या विमानतळावर मी सकाळपासून बसून होतो. सियांग नदीवर ढग उतरले होते. दुपारी विमान रद्द झालं.

मला येरमाळ्याला जायचं होतं, दिगंबरकडे. अरुणाचलातल्या पुलाच्या कामावर आम्ही दोघं कितीतरी वर्षं एका खोलीत राहिलो. तो बोलायचा, मी ऐकायचो. नंतर तो नोकरी सोडून गावी गेला. आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशनला तीनच दिवस उरले होते आणि त्यात स्वरयंत्र काढून टाकणार होते.

"मोबाईलमंदी बघितलं म्या," आदल्या दिवशी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला होता. "पासीघाट ते धाराशिव सव्वादोन हजार किलोमीटर. इमानानं तीन तास. जेवायलाच ये की."

हिशेब बरोबर होता. पण धाराशिवच्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरत नाही आणि पासीघाटचं विमान ढगांच्या मर्जीवर उडतं. जीपनं दिब्रुगड गाठलं. तिथून कोलकाता, मग पुणे, मग बार्शीची एसटी. कुर्डुवाडीच्या अलीकडे तिचं टायर फुटलं. रस्त्याकडेला उभा राहून मी दिगंबरला फोन लावत राहिलो. कुणी उचलला नाही.

बार्शीच्या दवाखान्यात त्याची बायको, सुनंदावहिनी, जिन्यात बसल्या होत्या.

"आत्ताच नेलं वो भावजी. लई वाट बघितली तुमची. आत नेईस्तोवर बोलत होते."

"काय म्हणत होता?"

"तिकडचंच समदं. नदी, पाऊस, तुमी केलेला कच्चा भात." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ध्यानात ठेवाय पायजे होतं म्या. पर रडूच येत होतं. नीट ऐकलंच न्हाय."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

रजा वाढवून घेतली आणि त्याला दवाखान्यातून सोडल्यावर त्याच्याबरोबरच येरमाळ्याला गेलो. मी कोकणातला; मराठवाडा पहिल्यांदाच पाहत होतो. माळावर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि आभाळ कुठंच अडत नव्हतं. वहिनींनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी) वाढली. दिगंबरला अजून पेजच चालत होती. तो माझ्या ताटाकडे बोट दाखवून वहिनींना आणखी वाढायला लावायचा.

संध्याकाळी आम्ही येडेश्वरीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायचो. त्याच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल असायचा. आता मी बोलायचो आणि तो ऐकायचा. मला गोष्ट रंगवता येत नाही. तो मध्येच हात उचलायचा, काहीतरी दुरुस्त करायचं असल्यासारखा, आणि तसाच खाली घ्यायचा.

निघायच्या दिवशी तो स्टँडवर आला. गाडी हलली तसा खिडकीचा गज धरून चालू लागला. ओठ भराभर हलले. मला काही कळलं नाही. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. गाडीनं वेग घेतला.

"हो रे, हो," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं गज सोडला.

पासीघाटला परतून आता बरेच दिवस झाले. मी कशाला हो म्हणालो, ते अजून मला ठाऊक नाही. मेसेज करून विचारलं तर तो लगेच लिहून कळवेल. पण त्या दिवशी मला समजलंच नव्हतं, हेही मग त्याला कळेल.