औषध घेतलं का?

गिळलेल्या रागाचे किस्से होतात, आणि आमच्या ऑफिसात ते ढिगाने आहेत. कोरोनाच्या काळात जळगावात बसून मी आणि धुळ्याची वंदना एका सर्वेक्षणासाठी गरोदर बायांना फोन करायचो. कोणत्या गोळ्या घेतल्या, बाळ कसं आहे, हे विचारायचं. कोणती गोळी पोटातल्या बाळाला चालते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रावेरकडच्या सुनंदाने सगळं नीट सांगितलं. सहाव्या महिन्यात ताप, मग पाकिटभर गोळ्या. तिची एकच अट होती, "ताई, कळलं की मले सांगजा." मी हो म्हटलं.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये आमचे ऑफिसप्रमुख सर म्हणाले, "नव्या औषधांच्या चाचणीत गरोदर स्त्रियांना घेत नाहीत. धोका नको म्हणून."

वंदना म्हणाली, "आणि चाचणी न करताच गोळ्या देतात, तो धोका नाही का सर?"

सरांनी पंखा वाढवला.

*

आता तो प्रश्न. "गरोदरपणात औषध घेतलं होतं का?" पुण्याच्या मुख्य ऑफिसातून छापून आला होता. आमच्याकडे औषध म्हणजे कपाशीवर, केळीवर मारायचं विष. ते "घेतलं" म्हणजे माणूस थेट सिव्हिलला, नाहीतर त्याच्याही पुढे.

फैजपूरच्या एका सासूबाईंनी ऐकलं आणि ओरडल्या, "आमच्या सुनेले औषध घ्याची काय पाळी आली? कोनं उठवलं हे?" फोन बंद. लगेच नवऱ्याचा फोन, मग दिराचा. दोघांनीही आमचा उद्धार केला.

मी सरांना म्हटलं, "औषध"च्या जागी "गोळ्या" करा, एक शब्द फक्त. सर म्हणाले, "प्रश्न मंजूर झालाय. शब्द हलणार नाही." बाया घाबरून "नाही, नाही" म्हणत राहिल्या आणि आम्ही "नाही" भरत राहिलो.

*

सोनगीरला फोन उचलला सासऱ्यांनी. वंदना म्हणाली, "नाना, सूनबाईला द्या."

"तिले काय समजस? माले इचार. बठ्ठं माले माहीत शे."

"बरं नाना, महिना कितवा?"

"थांब, तिले इचारीसन सांगस."

*

एका डॉक्टरांकडे गेलो. कोणत्या बाईला काय दिलं, विचारलं. ते तडकले, "जीव वाचवू की लिहीत बसू?" गर्दीचे दिवस होते, मान्य. पण मागे भिंतीवर त्यांच्या कोरोना-सत्काराचा फोटो होता, त्याच दिवसांच्या तारखेसकट.

*

शेवटी वरून निरोप आला की बहुतेक बायांनी औषध घेतलेलंच नाही, सबब माहिती अपुरी. सरांनी पेढे वाटले, काम वेळेत संपलं म्हणून. मी पेढा टेबलावरच ठेवला.

गेल्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. नंबर जपून ठेवला होता तिने.

"ताई, पोरगी अजून बोलत नाही. सासू म्हने तू गोळ्या खाल्ल्या म्हनून झालं. आता घरात कोनी माह्याशी धड बोलत नाही. गोळ्यानंच झालं का हो?"

मी म्हटलं, "सुनंदा, अजून माहिती अपुरी आहे."

"मंग म्या सांगतलं, ते कुठी गेलं?"